दहा दिवसांचं सामान

बाविसाव्या पट्टीचा दोरा तिने दातांनी तोडला, बनियनची घडी घातली आणि ते डावीकडच्या बॅगेत टाकलं. पांढऱ्या फितीचा बोटभर तुकडा, त्यावर आबांचं नाव, आडनाव आणि पुढे खोलीचा नऊ हा आकडा. प्रत्येक कपड्याला आतून, मानेपाशी नाहीतर कमरेपाशी, अशी पट्टी शिवलेली हवी. शाईने लिहिलेलं चालणार नाही, धुण्यात जातं, असं संस्थेच्या यादीत अगदी वर ठळक छापलं होतं. दुसऱ्या कुणाला हा डोक्याला ताप वाटला असता. तिला नाही. तीस वर्षं लोकांचे कपडे कमरेत घेण्यात आणि उंचीला कमी करण्यात गेली होती. आईबापांनी हौसेने ठेवलेलं नाव गल्लीत कुणाला माहीत नव्हतं. तिला सगळे आल्टरवालीच म्हणत, आणि तीही त्या हाकेला ओ देई.

पलंगावर दोन बॅगा उघड्या पडल्या होत्या. डावीकडची तपकिरी, जुनी, कोपरे झिजलेली, ती आबांची. उजवीकडची निळी, चार चाकांची, अजून नव्या प्लास्टिकचा वास येणारी, ती तिची. धाकट्या भावाने पाठवली होती. तिकीटही त्यानेच काढलं होतं. उद्या दुपारचं विमान, मग दुसरं विमान, मग एक लहानशी बोट, आणि मग समुद्राच्या मधोमध एक बेट. त्याने फोनवर पाठवलेले फोटो तिने शंभरदा तरी पाहिले असतील. वाळू रांगोळीसारखी पांढरी, आणि पाणी असं, की कुणाचा तरी नीळ घालताना हात घसरला असावा.

दहा दिवस. धाकटा, त्याची बायको आणि ती. तेवढे दहा दिवस आबा संस्थेत राहतील. तिथे डॉक्टर आहे, बाग आहे, वेळेवर खाणं आहे. आई गेल्यापासूनच्या अकरा वर्षांत तिने एकही रात्र घराबाहेर काढली नव्हती, लग्नाकार्यालासुद्धा ती ताट वाढलं की घड्याळ बघायला लागायची.

"बाई, हे कुणी भरलंय?"

आबा खुर्चीतून उठून निळ्या बॅगेपाशी आले होते. दोन्ही हात मागे बांधून, मान वाकडी करून ते आत बघत होते.

"मीच भरलंय, आबा."

"असं भरतात होय? मधे पोकळी बघा केवढी. एकदा आदळली की झालं कल्याण."

त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. सगळं बाहेर काढून चादरीवर मांडलं आणि टेबलाखालचा वर्तमानपत्रांचा गठ्ठा ओढून घेतला. काचेच्या कारखान्यात त्यांनी अडतीस वर्षं पॅकिंग खात्यात काढली होती. बरण्या, दिव्यांच्या काचा, प्रयोगशाळेतल्या नळ्या, जे फुटेल ते त्यांच्या हाताखालून जायचं. त्यांनी भरलेल्या पेटीतली काच कधी फुटली नाही, निदान फुटल्याचं त्यांनी घरी कधी सांगितलं नाही. तीन-चार वर्षांपूर्वी विसरायला लागले तेव्हा आधी ते आई गेल्याचं विसरले, मग आई होती हेच विसरले, मग पोरं. आता ती त्यांची बाई होती, कारखान्यात मालाची चलनं लिहिणाऱ्या टेबलावरची कुणीतरी. डोकं कायमच्या रजेवर गेलं होतं, पण हात रोज वेळेवर कामावर येत होते.

ती बघत राहिली. चपला कागदात. उन्हाचं मलम कागदात. कंगवा, साबणाची डबी, पासपोर्टचं पाकीट, सगळं एकेक पान घेऊन, कोपरे आत दुमडून, नीट. हॅटच्या आत त्यांनी चुरगळलेल्या कागदांचे बोळे भरले, म्हणजे ती दबायला नको. उद्या विमानतळावर कुणी बॅग उघडली तर त्याला वाटेल, बाई रद्दी विकायला बेटावर चालली आहे.

"माल कुठे चाललाय?"

"बेटावर."

"बोटीने?"

"आधी विमानाने."

"मग बरंय. विमानात हादरे कमी. बोटीचा माल फार हलतो," आबा म्हणाले आणि मलमाच्या बाटलीला आणखी एक पान गुंडाळलं.

तिने यादी पुढे घेतली. बनियन सहा, झाले. पायजमे सहा, झाले. सदरे, टॉवेल, नॅपकिन, झाले. मग स्वेटर दोन, कानटोपी एक, लोकरीचे पायमोजे तीन जोड. तिने तिथे बोट ठेवलं आणि खिडकीबाहेर पाहिलं. रस्त्यावरचं डांबर मऊ झालं होतं. समोरचा चष्मेवाला दुकानाच्या दारात पाणी मारत होता आणि पाणी पडल्या पडल्या वाळत होतं. पंखा होता म्हणून घरात बसवत तरी होतं. तिने यादी पुन्हा वाचली. दोन स्वेटर.

फोन लावला. दुसऱ्या शहरात धाकट्याकडेही बांधाबांध चालली असावी, कारण मागून त्याच्या बायकोचा आवाज येत होता, तो चार्जर घे, नाही तो नाही, दुसरा.

"स्वेटर कशाला रे लागतात? या उकाड्यात?"

"एसी असतो ताई तिथे. म्हातारी माणसं, थंडी वाजते त्यांना."

"एसीत कानटोपी?"

"अगं छापील यादी आहे ती. सगळ्यांना तीच देतात. तू म्हणजे ना, परीक्षेला बसल्यासारखी प्रत्येक ओळ सोडवत बसतेस. हॅट घेतलीस का? ही विचारतेय. तिथे ऊन फार असतं म्हणे."

"घेतली."

"मग झालं तर."

मग झालं तर. तिने फोन ठेवला आणि कपाटाच्या वरच्या खणातून स्वेटर काढले. विश्वास ठेवायचाच म्हटला की माणूस कशावरही ठेवतो, आणि तिला ठेवायचा होता. तिला जायचं होतं. हे तिने कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, धाकट्यालाही नाही. त्याला आठ दिवस तिने नाही, नको, कसं जमेल, असंच ऐकवलं होतं आणि नवव्या दिवशी उपकार केल्यासारखं हो म्हटलं होतं. पण तिला इतकं जायचं होतं की पासपोर्टच्या फोटोसाठी मान ताठ करून बसली तेव्हा तिचं तिलाच हसू आलं होतं आणि फोटोवाल्याने दोनदा दटावलं होतं. पाण्यात पाय सोडून बसायचं, एवढंच. जिथे कुणी हाक मारणार नाही अशा जागी बसायचं. स्वेटरांना आतून कसर लागली नव्हती, हे बघून तिने मशीनवर पट्टी लावायला घेतली.

दार वाजलं. वरच्या मजल्यावरच्या नर्सबाई होत्या. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी त्या दार अजून वॉर्डात शिरल्यासारखंच वाजवायच्या, दोन टकटक आणि आत. हातात काळा चष्मा होता, बाजूंनी झापडं असलेला, घोड्याला लावतात तसा.

"हा घे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर दिला होता. तिकडे सगळे काळे चष्मेच घालतात म्हणे."

"मावशी, हा घालून मी कशी दिसेन!"

"कशी दिसायचीय? ऑपरेशन झाल्यासारखी दिसशील. बसायला जागा तरी देतील. आणि पोहायचे कपडे? का साडी खोचून उतरणार आहेस?"

आल्टरवालीने कपाटातून पिशवी काढली. पोहण्याचं कापड तिने खास मागवलं होतं आणि स्वतःच बेतलं होतं. पोटरीपर्यंत काळी तुमान आणि वर कोपरापर्यंत बाह्यांचा, गुडघ्याला टेकणारा झगा. नर्सबाईंनी तो उचलून उजेडात धरला.

"पोहायला येतं का तुला?"

"नाही."

"असू दे. बुडायचं तरी व्यवस्थित कपड्यांत." मग त्यांनी गळा उलटा करून शिलाई बघितली, आणि थांबल्या. "अगं बये, हे काय? तूसुद्धा भरती होतेस की काय?"

झग्याच्या मानेपाशी पांढरी पट्टी होती. आबांचं नाव, आडनाव, नऊ. सकाळी दोन्ही ढीग मशीनवर शेजारी शेजारी होते, आणि हात एकदा लागला की तिचा हात काही बघत नसे. तिने तुमान तपासली. तिलाही होती, अगदी बारीक टाक्यात, कुणी ओढली तरी निघणार नाही अशी.

आधी नर्सबाई हसल्या. मग तीही, आणि मग दोघींना थांबवेनाच. बेटावर बुडालेली बाई बाहेर काढतील आणि लेबल बघून म्हाताऱ्यांच्या खोलीत नेऊन ठेवतील, असं काहीतरी नर्सबाई म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसायला लागल्या. दोघी हसताहेत म्हणून आबाही हसले. बऱ्याच दिवसांत या घरात तिघं मिळून हसली नव्हती.

"दे, मी उसवते," असं म्हणत ती ब्लेडचा तुकडा घेऊन बसली. नर्सबाईंनी तोवर सवयीने पलंगावरची यादी उचलली, चष्मा नाकावर घेतला आणि वाचायला लागल्या. औषधांच्या ओळीपाशी त्यांनी मान डोलावली. पान उलटलं. दुसरं पान त्यांनी सावकाश वाचलं, मग पुन्हा वर जाऊन वाचलं.

"मूळ कागद सगळे मागितलेत?"

"हो. धाकटा म्हणाला, त्यांचा नियम आहे."

"आणि फोटो? चौकटीसकट?"

"आई-आबांचा. काढून ठेवलाय तो." तिने भिंतीकडे हनुवटी केली. जिथे फोटो होता तिथे रंग जरा उजळ राहिला होता. "भिंतीवर लावायला लागतो, असं लिहिलंय ना. ओळखीचं काही डोळ्यांसमोर असलं म्हणजे बरं."

"तू किती दिवस म्हणालीस?"

"दहा."

नर्सबाईंनी चष्मा काढला आणि मिटला. आबा कागद फाडत होते, त्याचाच काय तो आवाज.

"हे बघ," त्या म्हणाल्या. "बत्तीस वर्षं वॉर्डात काढली मी. दहा दिवसांच्या माणसाला खाट देतात. भिंत नाही देत गं कुणी."

आल्टरवालीचं ब्लेड टाक्यातच राहिलं.

"मी काही बोलले नाही असं समज. माझं चुकतही असेल. हल्ली नव्या संस्थांचे नवे नियम असतात." त्या उठल्या. उठताना त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि ठेवल्यावर तो तिथून कसा काढायचा हे न समजून थोडा वेळ तसाच ठेवला. "निघताना चष्मा घ्यायला विसरू नकोस."

चहा न घेता त्या वर गेल्या. असं आजवर झालं नव्हतं.

तिने उरलेले चार टाके उसवले, पट्टी काढली, तुमानीचीही काढली, झगा तुमानीसकट घडी करून आबांच्या हातात दिला. त्यांनी तो कागदात गुंडाळला. मग ती स्वयंपाकघरात गेली, दार ओढून घेतलं, चहाचं आधण ठेवलं आणि धाकट्याला फोन लावला.

"आता काय राहिलं?" तो हसत म्हणाला.

"आबा परत येणार आहेत का?"

पलीकडे बॅगेची चेन ओढल्याचा आवाज येत होता, तो बंद झाला. त्याने बायकोला काहीतरी सांगितलं आणि तो दुसऱ्या खोलीत गेला असावा, कारण त्याचा आवाज आला तेव्हा तो अगदी जवळून आला.

"ताई, तिथे गेल्यावर आपण निवांत बोलणार होतो."

"तिथे म्हणजे कुठे? गळ्यापर्यंत पाण्यात?"

"अगं, ऐक तर."

"ऐकतेय."

"तू परत येशील तोवर ते तिथे रुळलेले असतील. तू घरात असताना नेलं असतं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन तू त्यांना परत घेऊन आली असतीस. मी ओळखत नाही का तुला? मागे बाई ठेवली, तर आठ दिवसांत तू तिला घालवलीस."

"ती त्यांच्यावर ओरडायची."

"तूही ओरडतेस, ताई."

आधणाला अजून उकळी फुटली नव्हती. ती पातेल्याच्या तळाशी येणारे लहान बुडबुडे बघत राहिली.

"कोण म्हणतं?"

"गेल्या महिन्यात तू फोन ठेवला नव्हतास. आपलं बोलणं झालं, तू हो हो म्हणालीस आणि फोन तसाच ओट्यावर ठेवलास. मी ठेवणारच होतो." तो थांबला. "त्यांनी बहुतेक अंथरूण खराब केलं होतं. मी सगळं ऐकलं. तू काय म्हणालीस ते पण."

तिला आठवलं. आठवायला काही शोधावं लागलं नाही. मरत का नाही एकदाचे, असं ती म्हणाली होती. एकदा नाही, चादर ओढताना, गादी उलटताना, बादली आणताना, प्रत्येक वेळी. आणि आबा भिंतीला टेकून उभे राहून म्हणत होते, चुकलं बाई, चुकलं. आपण हे बोललो ते चार भिंतींत राहिलं, एवढाच तिला आजवर आधार होता. तिची मान खाली गेली. स्वयंपाकघरात एकटी होती तरी गेली.

"मी तुला दोष देत नाही," धाकटा म्हणाला. "खरंच देत नाही. मी तिथे असतो तर दोन दिवसांत पळालो असतो, तू अकरा वर्षं काढलीस. म्हणून तर केलं मी हे. तुला सांगून तू बाहेर पडली नसतीस. कुणीतरी हाताला धरून काढायलाच हवं होतं."

"आबांना कुणी विचारलं?"

"काय विचारायचं त्यांना? आणि विचारलं तर कोण उत्तर देणार आहे?"

तिने पातेल्यात साखर टाकली.

"हे बघ ताई," त्याचा आवाज आता थकला होता. "अजून वेळ गेलेली नाही. तू नाही म्हण. आत्ता, या फोनवर म्हण. मी संस्थेला कळवतो, तिकीट रद्द करतो, विषय संपला. शप्पथ सांगतो, पुन्हा कधी काढणार नाही. फक्त तू म्हण."

चहाच्या पाण्याला उकळी आली. तिने गॅस बारीक केला. नाही म्हणायला किती लागतं? दोन अक्षरं. दिवसातून पन्नास वेळा ती तेच म्हणत होती, गिऱ्हाइकांना, आबांना, भाजीवाल्याला. तिने तोंड उघडलं. नाही म्हटलं की उद्याचा दिवस आजच्यासारखा, परवाचा उद्यासारखा. सकाळी चादर, दुपारी चादर. आणि मग कुठल्यातरी दुपारी फोन चालू नसताना, कुणी ऐकत नसताना, तिचा हात उचलला गेला तर? तो उचलला जाईल हे तिला माहीत होतं. गेल्या आठवड्यात अर्ध्यावर आला होता.

आणि एवढंच असतं तरी ठीक होतं. पण ते निळं पाणी होतं. आबांच्या जिवाची काळजी म्हणून ती गप्प राहिली असं कुणालाही सांगता येईल, स्वतःला नाही सांगता यायचं.

"ताई?"

तिने गाळणी काढून कपावर ठेवली.

"ताई, आहेस ना?"

"तिला सांग," ती म्हणाली, "हॅट घेतलीये म्हणून. मोठी घेतलीये, कान झाकतील अशी."

पलीकडे त्याने सोडलेला श्वास तिला ऐकू आला.

"सांगतो," तो म्हणाला. "सकाळी नऊला संस्थेची गाडी येईल. माणसं चांगली आहेत, सवय असते त्यांना. तुला नको वाटलं तर तू आधीच निघ. विमानतळावर येऊन बस. वरच्या मावशी दार उघडतील."

"नाही. मी असेन."

"बरं. आणि ताई, रडू नकोस."

ती रडत नव्हती. तिने फोन ठेवला, या वेळी नीट बंद झाला आहे ना हे दोनदा बघितलं, चहा गाळला आणि आबांच्या कपाखाली बशी सरकवून बाहेर आली.

दोन्ही बॅगा भरून झाल्या होत्या. पलंगावर एक कागद, एक धागा इकडेतिकडे नव्हता. तपकिरी बॅगसुद्धा त्यांनी रिकामी करून नव्याने भरली होती. चौकटीतला फोटो मधोमध, दोन स्वेटरांच्या बेचक्यात, काच आतल्या बाजूला करून. स्वतःचंच सामान आहे हे त्यांना कळलं असावं असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटत नव्हतं. चांगलं भरलेल्या मालाकडे माणूस बघतो तसं ते बघत होते.

"चहा घ्या, आबा."

"आधी बांधतो. चेनवर माझा भरवसा नाही."

मशीनच्या खणातून त्यांनी पायजम्याच्या नाडीचं जाडं बंडल काढलं होतं. निळ्या बॅगेला त्यांनी आडवे दोन आणि उभा एक असा वेढा दिला, टोकं हातात घेतली आणि तिच्याकडे वळून विचारलं,

"बाई, ही पेटी परत यायची का?"

"का?"

"का म्हणजे? गाठ कुठली मारू? परतीची पेटी असली तर सुरगाठ. तिकडच्या माणसाने एक टोक ओढलं की सुटली, दोरी तशीच परत येते. नाहीतर निरगाठ. ती कापावी लागते." नव्या माणसाला शिकवावं तसं ते सांगत होते, जरा चिडून. "चलनावर लिहिलेलं असतं तुमच्या."

"ही परत येणार आहे," ती म्हणाली. "दहा दिवसांनी."

आबांनी मान डोलावली. बोटं एकदा फिरली आणि गाठ बसली. मग त्यांनी बंडल घेऊन तपकिरी बॅगेला वेढे दिले. त्यांच्या नखांच्या कडा स्वच्छ होत्या. सकाळी तिनेच नखं काढली होती. नाडीची दोन टोकं त्यांनी ताणून धरली.

"आणि ही?"

तिच्या हातात कपबशी होती. हो म्हणून टाकायचं, एवढंच होतं. गेला आठवडाभर ती त्यांना तेच सांगत होती, दहा दिवस, आबा, दहाच दिवस, आणि ते प्रत्येक वेळी बरं म्हणत होते. आता हो म्हटलं असतं तरी संध्याकाळपर्यंत त्यांना प्रश्नही आठवला नसता आणि उत्तरही. या सगळ्या प्रकरणात आबांना एकानेही काही विचारलं नव्हतं, आणि विचारायला आले ते आबाच.

तिने कपबशी टेबलावर ठेवली.

"नाही," ती म्हणाली. "ही नाही यायची परत."

"नक्की? मागाहून चलनात खाडाखोड चालत नाही."

"नक्की."

"मग इथे बोट ठेवा, बाई."

नाडीची टोकं एकमेकांवरून गेली होती, तिथे तिने बोट ठेवलं. आबांनी वरून दुसरा फेर घेतला. नाडी बोटाभोवती आवळत गेली. त्यांनी बॅगेला गुडघा लावला आणि दोन्ही हातांनी ओढलं. या हातांत अजून इतका जोर असेल असं तिला वाटलं नव्हतं. बोटाचं टोक लाल झालं.

"आता काढा," आबा म्हणाले.

ती तशीच वाकून उभी होती.

"काढा ना, बाई. बोट मधे असलं तर गाठ कशी बसायची?"

तिने बोट काढलं.